शाहूपुरीच्या गच्चीवरून मृगाचा तेजोमेघ

पहिल्या फोटोत आकाश दुधाच्या चहासारखं आलं होतं. मधोमध पांढुरका डाग, चारी कडांना तपकिरी काळोखी आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेला नारिंगी उजेड. तो डाग म्हणजे मृगातला तेजोमेघ, वायू आणि धुळीचा चमकता ढग. यादीतलं त्याचं नाव एम ४२. मृगाच्या पोटात घुसलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली बारीक ताऱ्यांची उभी ओळ दिसते. त्या ओळीत तो आहे, आपल्यापासून सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवर.

मी साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो. एका डिसेंबरात परळीतलं लग्न उरकून रात्री परत येताना गाडी बाजूला घेतली आणि सहज वर पाहिलं. मृग इतका ठसठशीत होता की बॅगेतला बॅकअपचा जुना कॅनन ६००डी काढून तिथेच दोन-चार फोटो घेतले. पडद्यावर त्या बाणाखाली गुलाबीसर काहीतरी दिसलं आणि झोप उडाली. सतरा वर्षं हातात कॅमेरा आहे, पण वर रोखायचं कधी सुचलं नव्हतं. घरी येऊन दुसऱ्याच दिवशी शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला आणि हा चहाच्या रंगाचा फोटो पदरात पडला.

सेटिंग सांगतो, कारण सुरुवात करणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नव्हता. ७०-२०० मिलिमीटरची लेन्स २०० वर. पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की तारे ओघळतात. ढोबळ हिशेब असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे त्या २०० ने, भागायचं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, म्हणून २०० ला आधी १.६ ने गुणायचं. ५०० भागिले ३२०, म्हणजे दीड सेकंद. मी १.३ सेकंदावर थांबलो. आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर एफ ३.५, कारण २.८ वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटत होते. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजला तसाच, आणि दाणे पुसणारं कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन बंद. फोकस मृगातल्याच राजन्य (रायगेल) ताऱ्यावर, पडद्यावर दहापट मोठं करून, आणि जमला की रिंगला चिकटपट्टी. असे ४० फोटो घेतले.

मग लग्नाच्या फोटोंना करतो तेच केलं. ब्लॅक्स खाली ओढले, म्हणजे गडद भाग आणखी काळा केला, कॉन्ट्रास्ट वाढवला, धूसरपणा घालवणारं डीहेझ पूर्ण, वरून नॉइज रिडक्शन. आकाश काळंभोर झालं. घरात सगळ्यांना आवडला. मला मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. पुन्हा मूळ फोटो काढून शेजारी लावला तेव्हा कळलं. तेजोमेघाच्या कडेला जी पुसट झालर होती ती मीच कापून टाकली होती. झालर आणि शहराचा उजेड जवळजवळ सारख्याच तेजाचे होते. एकाला काळं करायला गेलो आणि दुसरीही गेली. बारीक तारेही नॉइज रिडक्शनने गिळले होते. नवरीच्या गालावर जे चालतं ते इथे चालत नाही.

शहराचा उजेड नेमकं काय करतो हे मला उसाच्या काट्यावरून उमजलं. ट्रॅक्टर भरून काट्यावर चढतो, वजन होतं. रिकामा होऊन पुन्हा चढतो, पुन्हा वजन. वजाबाकी केली की ऊस किती ते कळतं. फोटोतही तसंच आहे. तेजोमेघाचा उजेड म्हणजे ऊस आणि शहराचा उजेड म्हणजे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर कितीही जड असो, तो वजा करता येतो. पण आता असं समजा की काटा थोडा थरथरतो, आणि वजन जितकं जड तितका जास्त थरथरतो. ट्रॉलीत टनभर ऊस असेल तर दहा किलोची थरथर कुणी बघत नाही. ट्रॉलीत एकच मोळी असेल तर ती मोळी त्या थरथरीत हरवते. ट्रॅक्टर वजा झाला तरी थरथर वजा होत नाही.

उजेड कणाकणाने येतो, म्हणून ही थरथर. ४०० कण आले तर थरथर त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २०. एका फोटोत शहराकडून ४०० कण आले आणि झालरीकडून फक्त ५, तर २० च्या थरथरीत ५ कसे दिसणार? पण तेच १०० फोटो एकावर एक रचले, म्हणजे त्यांच्या उजेडाची बेरीज केली, की झालर ५०० होते. शहर होतं ४०,०००, पण त्याची थरथर फक्त २००. आता ५०० समोर २००. झालर दिसायला लागली. फोटो १,६०० केले तर हेच प्रमाण दहास एक होतं. हा हिशेब वहीत मांडला त्या रात्री मी एडिटिंगचे स्लायडर ओढायचं बंद केलं. माझ्याकडे ४० फोटो होते, म्हणजे जेमतेम ५२ सेकंदांचा उजेड. दुखणं तिथे होतं.

मग फोटो वाढवायला घेतले. रिमोटचं बटण लॉक करून कॅमेरा चालू ठेवायचा. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं आणि माझी चौकट साधारण सहा अंशांची, म्हणून दर पाच मिनिटांनी मृग पुन्हा मध्ये आणायचा. दर वेळी हुबेहूब त्याच जागी आणायचा नाही, थोडा इकडे-तिकडे. हे मी चुकून शिकलो. पहिल्या मोठ्या रचनेत सगळ्या फोटोभर पावसाच्या तिरप्या धारांसारख्या बारीक रेघा आल्या. सेन्सरचे ठरलेले डाग दर फोटोत जागच्या जागी असतात, तारे मात्र एकाच दिशेला सरकत जातात. तारे जुळवून रचलं की डागांच्या रेघा होतात. चौकट मुद्दाम हलवली की डाग विखुरतात आणि रचनेत गळून पडतात. सोबत सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करायला लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगचे तीसेक डार्क फोटोही घ्यायला लागलो. ते त्याच रात्री, त्याच थंडीत घ्यावे लागतात, कारण सेन्सरचा नॉइज तापमानाने बदलतो.

वेळेचंही गणित बसत गेलं. आमच्या गच्चीवरून पूर्वेला पोवई नाका आणि त्यापलीकडे हायवे, तो सगळा भाग उजळ. दक्षिणेला अजिंक्यतारा किल्ला. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, त्यामागे आकाश त्यातल्या त्यात काळं. जानेवारीच्या सुरुवातीला संध्याकाळी मृग पूर्वेला असतो, म्हणजे नेमका उजेडात. मी उत्साहाने आठालाच सुरुवात करायचो आणि सगळ्यात वाईट आकाश टिपायचो. महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तो अजिंक्यताऱ्याच्या वर, डोक्याजवळ येतो, साधारण ६७ अंशांवर. तिथे हवेचा थर पातळ असतो. तोवर दुकानंही मिटलेली असतात. मग तो यवतेश्वरकडे कलतो. साडेदहा ते दीड, ही माझी वेळ ठरली. ज्या रात्री खाली कुणी कचरा किंवा पाचट पेटवलेलं असेल त्या रात्री कॅमेरा काढायचाच नाही. धुरावर दिव्यांचा उजेड पसरून सगळं आकाश भरतं.

शेजारच्या काकांच्या जिन्यावरचा एलईडी सरळ माझ्या लेन्सच्या कडेवर पडायचा. आठवडाभर पुठ्ठा आडवा धरून काम भागवलं, मग एकदा जाऊन सांगितलं. काका म्हणाले, "अरे मग आधी सांगायचं नाही का? किती वाजता घालवू?" तेव्हापासून साडेदहाला ते लाइट घालवतात आणि झोपायला जातात. त्यांनी जे केलं त्याने माझ्या फोटोत जितका फरक पडला तितका कुठल्याही विकतच्या वस्तूने पडला नाही.

लग्नसराईमुळे एक वेगळीच अडचण होती. वरातीतले शार्पी लाइट मला धंद्यात फार आवडतात, फोटोत धुराच्या लोटात त्यांचे झोत सुंदर येतात. तेच झोत रात्री अकराला माझ्या मृगावरून फिरायचे. पण रचताना सिग्मा क्लिपिंग लावलं की जो फोटो बाकीच्यांपेक्षा त्या ठिकाणी फार वेगळा असतो त्याचा तेवढाच तुकडा बाजूला पडतो. झोत, विमानं, उपग्रह, सगळे असे गेले. वीस-पंचवीस फोटोंत हे नीट होत नाही. शेकड्यांत असले की होतं.

आता फ्लॅट, म्हणजे लेन्सची काळोखी मोजणारे फोटो. हा भाग मी सुरुवातीला सोडून दिला होता आणि माझे दोन महिने त्यातच गेले. प्रत्येक लेन्स मधोमध जास्त आणि कडेला कमी उजेड देते. लग्नाच्या फोटोत ते दिसतही नाही. इथे शहराचा उजेड सगळ्या चौकटीवर पसरलेला, म्हणून लेन्सची ती कडांची काळोखी त्यावर उमटते आणि तपकिरी वर्तुळ तयार होतं. ते वर्तुळ म्हणजे प्रकाश प्रदूषण नव्हे. मी मात्र ते प्रदूषण समजून सॉफ्टवेअरने काढायला जायचो आणि सॉफ्टवेअर फोटोच्या मधोमध काळा खड्डा पाडायचं. उपाय साधा आहे: त्याच लेन्सने, त्याच फोकसला, त्याच अ‍ॅपर्चरला एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो घ्यायचे आणि त्यांनी मूळ फोटो भागायचे. शहराचा उजेड वजा होतो, लेन्सची काळोखी भागली जाते. या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि भागाकार आधी.

पहिले फ्लॅट मी स्टुडिओतल्या एलईडी पॅनलवर घेतले. शटर फार जलद होतं, त्यामुळे दिव्याची लुकलुक आडव्या पट्ट्यांसारखी उतरली आणि ते पट्टे मी सगळ्या तेजोमेघावर छापले. मग आजोबांचं जुनं, धुवून मऊ झालेलं धोतर दुहेरी करून लेन्सवर ताणलं, रबर लावलं, आणि पहाटे उजाडताना कॅमेरा सरळ वर आकाशाकडे करून तीस फोटो घेतले. फोकसची चिकटपट्टी तोवर काढायची नाही. वर्तुळ गेलं. सेन्सरवरच्या धुळीचे दोन ठिपके होते, तेही गेले.

रचण्याचं आणि पुढचं काम सिरिल या मोफत सॉफ्टवेअरवर करतो. ते भाच्याने लॅपटॉपवर घालून दिलं. पहिल्या दिवशी तोच गोंधळला. "मामा, इथे इतकं छान दिसतंय आणि सेव्ह केलं की काळं होतंय." ऑटोस्ट्रेच हा फक्त बघण्यापुरता चष्मा आहे, खालचा फोटो अजून अंधाराच असतो, हे कळायला आम्हाला अर्धी रात्र लागली. पण तो अंधारा फोटोच मोलाचा. त्यात उजेड जसा मोजला तसाच असतो, दुप्पट कणांना दुप्पट आकडा. वजाबाकी अशाच आकड्यांवर खरी ठरते. एकदा फोटो उजळवला की आकडे वाकडे होतात आणि शहराचा उजेड तेजोमेघात गुंतून बसतो. मी आधी उजळवून मग रंग काढायला बसायचो. तो क्रम उलटा होता.

वजाबाकीचं हत्यार म्हणजे बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन. रचलेल्या फोटोच्या फाटक्या कडा आधी कापायच्या. मग जिथे फक्त आकाश आहे तिथे ठिपके ठेवायचे. त्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअर शहराच्या उजेडाचा उतार ओळखतं आणि तेवढाच वजा करतं. मी ठिपके आपोआप पडू दिले. ते तेजोमेघाच्या झालरीवरही पडले, आणि झालर हीच आकाश समजून सॉफ्टवेअरने ती पुन्हा काढून टाकली. स्लायडरने जे केलं होतं तेच, जरा सुबकपणे. मृगाचा हा सगळा भाग पुसट वायूने भरलेला आहे, रिकामं आकाश तिथे फार थोडं. आता मी एकेक ठिपका हाताने ठेवतो. तेजोमेघापासून लांब, ताऱ्यांपासून दूर, मोजून वीस-बावीस. पन्नास ठिपके ठेवले की सॉफ्टवेअर नको तिथेही चढ-उतार काढतं.

आणखी एक गोष्ट. मृग रात्रभर सरकतो, पोवई नाका सरकत नाही. त्यामुळे साडेदहाच्या फोटोत उजेड ज्या बाजूने चढतो, एकच्या फोटोत त्या बाजूने चढत नाही. सगळे एकत्र रचले की या सगळ्या उतारांची गिचमिड होते. म्हणून रचण्याआधीच प्रत्येक फोटोतून सरळ, साधा उतार काढून टाकायचा, पहिल्या घाताचा, त्याहून जास्त नाही. रचल्यावर उरलेलं हाताने. मी तीनशे-तीनशे फोटोंच्या थप्प्या करतो, कारण १,८०० फोटो एकदम लॅपटॉपच्या डिस्कमध्ये मावत नाहीत. प्रत्येक थप्पी साधारण वीस-पंचवीस मिनिटांतली, मधली चौकट लावण्याची वेळ धरून.

रंगासाठी डोळ्यावर विसंबायचं सोडलं. चहाच्या रंगावर निळा ओढून मी फोटो जांभळा करत होतो. सिरिल आधी फोटोतले तारे ओळखतं आणि मग त्यांचे मोजलेले रंग यादीतून घेऊन फोटोचा तोल लावतं. राजन्य निळसर पांढरा, मृगातलाच काक्षी तांबूस, आणि मधला सगळा पसारा त्या हिशेबाने. हे केल्यावर पहिल्यांदा तेजोमेघात गुलाबी आणि मधोमध हिरवट निळा असे दोन रंग वेगळे झाले. गुलाबी-लाल हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. हिरवट निळा ऑक्सिजनचा, ५०० च्या आसपासचा. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काच तो लाल बराचसा अडवते, म्हणून मासिकांतल्यासारखा गर्द लाल माझ्याकडे येत नाही. तो मी रंगवतही नाही.

सगळ्यात शेवटी उजळवणं. एका झटक्यात नाही, चार-पाच टप्प्यांत, दर टप्प्याला आकाशाचा आकडा बघत. आकाश शून्यावर न्यायचं नाही. शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं तर वीस-पंचवीसवर ठेवायचं. आकाश कोळशासारखं काळं दिसलं की फोटो चांगला, ही माझी जुनी समजूत सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. गाभ्यातले चार तारे, ट्रॅपेझियम, उजळवताना जळून जातात. तिथे माझ्या १.३ सेकंदांनी हात दिला. इतक्या लहान फोटोंत गाभा फारसा जळलेलाच नसतो, त्यामुळे कमी उजळवलेली एक प्रत करून तिचा गाभा वर बसवता आला.

मध्ये ठरावीक रंगांचा उजेड अडवणारा एक फिल्टरही मागवला होता. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड बहुतेक ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येतो, तो हा फिल्टर अडवतो. पण आमच्या रस्त्यावर आता पांढरे एलईडी आहेत, त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला. फरक नावापुरता पडला. फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अरुंद पट्ट्या सोडणारे फिल्टर तेजोमेघाला खरोखर उपयोगी पडतात, पण देवयानी दीर्घिकेला, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सीला, तेही नाहीत. तिचा उजेड ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांचा.

फेब्रुवारीच्या शेवटी महाशिवरात्र झाली. चंद्र नव्हता, पण यवतेश्वराच्या देवळाला गर्दी आणि रोषणाई, म्हणून दुसऱ्या रात्री गेलो. भाचा आणि मी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला पुढे, हॉटेलांचे दिवे संपतात तिथे थांबलो. सातारा पाठीमागे, पूर्वेला उजेडाचा घुमट. समोर पश्चिमेला बामणोली आणि शिवसागर जलाशयाकडचा काळोख, आणि त्यावर कललेला मृग. गवे फिरतात म्हणून भाचा टॉर्च हातात धरूनच होता, मी त्याला लाल कागद लावायला सांगितला. दव इतकं की दर दहा मिनिटांनी लेन्स बघावी लागे. ९०० फोटो झाले, साडेएकोणीस मिनिटांचे.

घरी येऊन दोन्हीकडच्या आकाशाचे आकडे काढले, कॅमेऱ्याची बायसची पातळी, म्हणजे उजेड नसतानाही तो देतो तो आकडा, वजा करून. गच्चीवरचं आकाश जवळपास पाचपट उजळ निघालं. आकाशाच्या थरथरीपुरतं बोलायचं तर कासची वीस मिनिटं म्हणजे गच्चीवरची शंभर मिनिटं. चार रात्री जागून मी गच्चीवर १,८०० फोटो, ३९ मिनिटं जमवली होती. हा आकडा बघून वाईट वाटलं नाही. उलट किती वेळ लागणार ते पहिल्यांदाच ठरवता आलं. अंधाऱ्या जागी मात्र १.३ सेकंदांत आकाशाचा उजेड इतका कमी येतो की कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज डोकं वर काढतो. तिथे ट्रॅकर हवा, तो आता घेणार आहे.

दोन्हीकडचे फोटो एकत्र करून जो फोटो झाला तो आईला दाखवला. तिने तेजोमेघाकडे पाहिलंच नाही. त्याच्या वर बोट ठेवून विचारलं, "हे निळं धुकं कसलं?" तो एनजीसी १९७७. स्वतः फारसा न चमकणारा, जवळच्या ताऱ्यांच्या उजेडाने निळा दिसणारा धुळीचा ढग. पहिल्या फोटोत तिथे मी ब्लॅक्स ओढले होते.

त्या पहिल्या रात्रीचे ४० फोटोही परत काढून याच क्रमाने केले. झालर आहे त्यात, अगदी दाणेदार, पण आहे. तपकिरी वर्तुळही आहे. त्या रात्रीचे फ्लॅट नाहीत आणि तो फोकस आता पुन्हा जुळणार नाही, त्यामुळे ते तसंच राहील. नोव्हेंबरात देवयानी रात्री नऊ-दहाला डोक्याजवळ असते, उत्तरेकडे. त्या बाजूला काकांच्या गच्चीवरचा दुसरा दिवा आहे. काकांना आत्ताच सांगून ठेवलंय.